वाहनातील बिनतारी संच

वाहनातील बिनतारी संच म्हणजे वाहनाच्या बॅटरीवर चालणारे, संदेश पाठवणारे व ग्रहण करणारे यंत्र आणि वाहनाबाहेर बसवलेला त्याचा अँटेना यांची एकत्रित जोडणी होय. पोलीस व सैन्यदले यांच्याप्रमाणेच परवानाधारक हौशी रेडिओचालकही दुर्गम मार्गांवर जाणाऱ्या चारचाकी वाहनांत असे संच बसवतात. संचाचा पल्ला त्याच्या शक्तीपेक्षा अँटेनाची जागा, भूपृष्ठाची रचना व जोडणीचा दर्जा यांवर अधिक अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), हरिश्चंद्रगड, रतनगड व भंडारदरा जलाशय याच भागात येतात. येथील खोल दऱ्यांत मोबाइलचे जाळे सर्वत्र पोहोचत नाही. त्यामुळे वाहन अडकल्यास किंवा अपघात झाल्यास थेट एका वाहनातून दुसऱ्या वाहनाशी होणारा बिनतारी संपर्क उपयोगी पडतो. जिल्ह्याच्या मुख्यालयी असलेल्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेमुळे लष्करी वाहनांशी या शहराचा जुना संबंध आहे. वाहनातील विद्युत उपकरणांनी एकमेकांच्या कार्यात व्यत्यय आणू नये यासाठीच्या विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या चाचण्याही या आस्थापनेत होतात.

वारंवारता आणि पल्ला

भारतात हौशी रेडिओसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे वाहनांत विशेष सोयीचे ठरतात. या वारंवारतांचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात जमिनीपासून दोन मीटर उंचीवर अँटेना असलेल्या दोन वाहनांमधील रेडिओ क्षितिज सुमारे ११ ते १२ किलोमीटर असते. झाडी, वस्ती व चढउतार यांमुळे प्रत्यक्ष पल्ला घटतो. मध्ये डोंगराची सोंड आल्यास संपर्क एक-दोन किलोमीटरवरही तुटू शकतो. अशा वेळी शक्ती वाढवण्यापेक्षा वाहन खिंडीत किंवा उंचवट्यावर नेणे अधिक परिणामकारक ठरते.

अँटेना

पाव तरंगलांबीचा उभा अँटेना हा सर्वांत साधा प्रकार होय. १४५ मेगाहर्ट्झसाठी त्याची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर भरते. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यासाठी ती पावणेतीन मीटरच्या आसपास जात असल्याने तळाशी वेटोळे घालून आखूड केलेले अँटेना वापरतात. मात्र त्यांची कार्यक्षमता कमी असते.

अशा अँटेनाला खालच्या बाजूस धातूच्या विस्तृत पृष्ठाची गरज असते. पोलादी टपाचा मध्यभाग ही त्यासाठी उत्तम जागा आहे. टप कापडाचा किंवा फायबरचा असल्यास अँटेना बॉनेटच्या कडेला अथवा मागील धातूच्या चौकटीवर बसवतात. बॉनेट व दरवाजे यांच्या बिजागऱ्या विद्युतदृष्ट्या भरवशाच्या नसल्याने तेथे विणलेल्या तांब्याच्या पट्टीने मुख्य सांगाड्याशी जोड द्यावा लागतो. चुंबकी बैठक सोयीची असली तरी खडबडीत वाटेवर किंवा फांद्यांच्या माऱ्याने ती सरकते. कच्च्या रस्त्यांसाठी पत्र्यात पक्की बसवलेली बैठक व तळाशी स्प्रिंग असलेला अँटेना अधिक टिकतो.

वीजजोडणी

५० वॉटचा संच प्रक्षेपणाच्या वेळी साधारणतः १० ते १३ अँपिअर प्रवाह घेतो. सिगारेट लायटरच्या खाचेची वायर एवढ्या भारासाठी नसते. म्हणून जाड वायर थेट बॅटरीपासून आणतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला जातो. तो संचाजवळ असेल आणि मधली वायर पत्र्यावर घासून सोलली गेली, तर आग लागण्याचा धोका राहतो. बॅटरीच्या ऋण टोकावर संवेदक असलेल्या नव्या वाहनांत संचाची ऋण वायर संवेदकाच्या सांगाड्याकडील बाजूस जोडतात. संच व वायरी एअरबॅगच्या मार्गात येता कामा नयेत.

अँटेनाची ५० ओहम समाक्ष केबल शक्य तितकी आखूड ठेवतात व तिला तीव्र वाक देत नाहीत. अकोल्याच्या घाटमाथ्यावरील पावसात जोडामध्ये पाणी शिरते, तर पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत धूळ साचते. त्यामुळे बाहेरचे जोड जलरोधक पट्टीने गुंडाळणे आवश्यक असते. इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारी शिट्टी ऐकू आल्यास ती बहुधा अल्टरनेटरकडून येते. सांगाड्याशी असलेले जोड साफ केल्याने ती कमी होऊ शकते.

जुळवणी

अँटेनाकडून परत येणारी शक्ती स्थिर तरंग गुणोत्तरावरून कळते. हे गुणोत्तर १.५ असल्यास सुमारे ४ टक्के, २ असल्यास ११ टक्के आणि ३ असल्यास २५ टक्के शक्ती परावर्तित होते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला गुणोत्तर कमी व वरच्या टोकाला जास्त असेल, तर अँटेना लांब असतो आणि तो काही मिलिमीटरच्या टप्प्यांनी कापतात. मोजणी दरवाजे बंद करून, मोकळ्या जागी व कमी शक्तीवर केली जाते. प्रक्षेपण चालू असताना अँटेनाला कोणीही स्पर्श करू नये.

परवाना

हौशी रेडिओसाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो. किमान वय १२ वर्षे असून परीक्षा द्यावी लागते. परवानाधारकास ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. या पट्ट्यांचा व्यावसायिक वापर करता येत नाही, त्यामुळे सहल आयोजकाला आपल्या ताफ्यासाठी ते वापरता येत नाहीत. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरी पट्टा २००५ च्या नियमांनुसार ५ वॉटपर्यंत परवानामुक्त आहे. मात्र उपकरण मान्यताप्राप्त असावे लागते. बाजारात सहज मिळणारा संच वापरण्यास कायदेशीर असतोच असे नाही. अशा उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.