मेंदूचे चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट : विश्लेषणाचा इतिहास

जिवंत मेंदूतील रासायनिक संयुगांचे प्रमाण शस्त्रक्रियेवाचून अजमावण्यासाठी हे वर्णपट वापरतात. तीव्र चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या रेडिओ संकेताचे कंप्रतांनुसार पृथक्करण केले असता निरनिराळी संयुगे ठराविक जागी शिखररूपाने दिसतात. शिखराखालील क्षेत्रफळ संयुगाच्या प्रमाणाचे निदर्शक असते.

फेलिक्स ब्लॉख व ई. एम. पर्सेल यांच्या गटांनी १९४६ मध्ये घन व द्रव पदार्थांतील अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकर्ड यांनी १९५१ मध्ये एथिल अल्कोहॉलाच्या वर्णपटात तीन पृथक् शिखरे दाखविली. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

अल्कोहॉलातील ही सुस्पष्टता मेंदूच्या वर्णपटात आढळत नाही. १९८० नंतरच्या दशकात असे वर्णपट मिळू लागले, तेव्हा पाण्याचा संकेत इतर संयुगांच्या हजारो पट मोठा असल्याने तो प्रथम दाबावा लागला. उरलेली शिखरे एकमेकांवर पडतात : ग्लुटामेट व ग्लुटामाइन वेगळी ओळखणे कठीण जाते, तर गॅबा या संयुगाचे एक शिखर क्रिएटिनाच्या शिखराखाली झाकले जाते. रुग्णाची हालचाल व क्षेत्राची असमानता यांमुळे शिखरे अधिकच पसरट होतात.

एस. डब्ल्यू. प्रॉव्हेंचर यांनी १९९३ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत सुट्या शिखरांऐवजी प्रत्येक संयुगाचा संपूर्ण वर्णपट विचारात घेतात व त्यांच्या योग्य प्रमाणातील बेरजेशी मेंदूचा वर्णपट संगणकाद्वारे जुळवितात. परंतु मोठ्या रेणूंचे पसरट संकेत तळाशी असतातच आणि तळरेषा कोठे मानावी, यावर उत्तर बदलते. २०१६ मध्ये आयोजित केलेल्या एका तुलनेत घटकांचे प्रमाण आधीच ठाऊक असलेले कृत्रिम वर्णपट निरनिराळ्या गटांना देण्यात आले. त्यांची उत्तरे एकसारखी आली नाहीत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते.

या मतभेदाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटाची घट तंत्रिका कोशिकांच्या हानीची निदर्शक मानतात व ते पुष्कळदा क्रिएटिनाशी असलेल्या गुणोत्तराने सांगतात. मात्र अर्बुदासारख्या विकारांत क्रिएटीनही बदलते. त्यामुळे गुणोत्तर बदलले, तरी नेमके कोणते संयुग बदलले, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून मिळालेली संख्या हे प्रत्यक्ष मापन नसून गृहीतांवर आधारलेला अंदाज होय आणि तिच्यासोबत अनिश्चितता व विश्लेषणाची रीत नमूद करणे आवश्यक ठरते.