लो-कोड मंच व कृत्रिम बुद्धिमत्तेची पूर्वपीठिका : वारणा खोरे आणि मिरज परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

व्यवसायाला लागणारे ॲप आज्ञावलीकाराच्या मदतीशिवाय, पडद्यावरील तयार घटकांची जुळणी करून उभे करता येते, ही लो-कोड मंचांमागील मूळ कल्पना होय. ‘लो-कोड’ हे नाव फॉरेस्टर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केले. कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ हा पहिला संगणकीय तक्ता बाजारात आणला, तेव्हाच हिशेबनीस स्वतःच्या हिशेबाचे नियम संगणकाला थेट सांगू लागला होता. पुढे डीबेस, फॉक्सप्रो व ॲक्सेस यांनी हीच वाट रुंद केली. प्रत्येक वेळी ‘आता प्रोग्रामरची गरज संपली’ अशी घोषणा झाली आणि प्रत्येक वेळी ती अर्धीच खरी ठरली. उरलेले अर्धे कोठे अडले, हे समजून घेण्यासाठी दक्षिण महाराष्ट्रातील एक प्रयोग विशेष उपयुक्त आहे.

वारणेचा प्रयोग

सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत येणारी वारणा नदी सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेला मिळते. या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थांच्या आधारे १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन व वारणा समूह यांच्या संयुक्त खर्चाने आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने, वारणानगरच्या आसपासची सुमारे ७० गावे संगणकाने जोडावयाची, असा हा उपक्रम होता. गावागावांत माहिती केंद्रे उघडली गेली. बाजारभाव, शेतीविषयक सल्ला, शासकीय योजना असे बरेच काही तेथे मिळावे, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात केंद्राचा खरा उपयोग झाला तो उसासाठी. कारखान्याच्या सभासदाला काय हवे असते? लागणीची नोंद झाली का, तोडणीची पाळी कधी, वजन किती भरले, बिल केव्हा निघणार. हे प्रश्न साधे भासतात, परंतु त्यांच्यामागे एक संपूर्ण व्यवस्था उभी असते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा या प्रत्येक प्रकारच्या उसाची पक्वता वेगळी, म्हणून तोडणीचा क्रमही वेगळा. पाळी लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते आणि तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो. ही सारी गुंतागुंत गावपातळीवर नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला तोंडपाठ असते. प्रकल्पाच्या कागदपत्रांत जागतिक माहितीजालाचे जे स्थान होते, ते गावकऱ्यांच्या लेखी वजनपावतीचे होते. नियोजनकर्त्यांनी हे आधीच ओळखावयास हवे होते, असे म्हणणे भाग आहे.

पुढील टप्पा अधिक बोलका आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील संशोधकांनी ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली. गावातील संगणकाऐवजी मोबाईलवरून लघुसंदेश पाठवावा आणि उत्तरही लघुसंदेशानेच यावे, एवढीच तिची मांडणी. संगणकावर होणारी सर्व कामे या पद्धतीने झाली. शिवाय ती कमी खर्चाची, अधिक सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. म्हणजे भारी यंत्रणेची जागा हलक्या यंत्रणेने घेतली. ते शक्य झाले, कारण कोणता प्रश्न विचारला जातो हे तोवर नेमके कळलेले होते. आज लो-कोड मंचावर अशा प्रकारचे ॲप अल्पावधीत जुळवता येईल. मात्र आठवड्याचे काम तासांवर आले तरी तोडणीच्या क्रमाचे ज्ञान मंचाकडून मिळत नाही.

नोंदीचा ताबा

दुसरी अडचण नोंदींच्या आयुष्याची आहे. १९९० च्या दशकात भारतातील असंख्य लहान व्यवसायांचे हिशेब फॉक्सप्रोवर चालत. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये त्याची पुढील आवृत्ती न काढण्याचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये उरलेले साहाय्यही थांबवले. मराठी नोंदींची स्थिती आणखी बिकट. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फाँटांच्या स्वतंत्र संकेतांत साठवला जात असे. फाँट बदलला की नावे, गावे, गट सारेच अनाकलनीय चिन्हांत रूपांतरित होई.

लो-कोड मंच यास अपवाद नाहीत. गूगलने ‘ॲप मेकर’ हा आपला मंच जानेवारी २०२१ मध्ये बंद केला. तत्पूर्वी एक वर्ष त्याच कंपनीने ‘ॲपशीट’ विकत घेतला होता. बहुतेक मंचांवरून तक्त्यातील माहिती बाहेर काढता येते, परंतु जुळवलेले नियम व पडदे मंचासोबतच राहतात. येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी एक फरक घडवला आहे. २०२१ मध्ये ‘गिटहब कोपायलट’ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यानंतर साध्या भाषेत गरज सांगून प्रत्यक्ष आज्ञावली लिहवून घेता येऊ लागली. अशी आज्ञावली मजकूर स्वरूपात हाती राहते व अन्यत्र नेता येते. उलट, तिच्यातील चूक ओळखण्यास ती वाचणारा कोणीतरी लागतोच. खोडव्याची पाळी चुकीच्या जागी लावणारा नियम पडद्यावर बिनचूक नियमाइतकाच नीटनेटका दिसतो.

मिरजेतील वाद्यनिर्मिती

हाच विचार मिरजेच्या वाद्यनिर्मितीला लावून पाहता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शस्त्रांची मागणी ओसरू लागल्यावर येथील शिकलगार कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो, तो वाळावा लागतो. लाकूड मुरावे लागते. वाद्य पुरुष गायकासाठी की स्त्री गायिकेसाठी यावर त्याचे माप ठरते. ग्राहक, माप, भोपळ्याची आवक, आगाऊ रक्कम, पाठवणीची तारीख एवढ्या रकान्यांचा तक्ता आणि त्यावर बेतलेले मोबाईल ॲप एखादे कारागीर कुटुंब आज स्वतः तयार करू शकते. मानांकनामुळे अस्सलतेची नोंद ठेवण्याची निकड वाढली असून अशी नोंदवही तेथे उपयोगी पडेल.

जवारीसाठी मात्र रकाना सुचवणे कठीण आहे. घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवत, तार छेडत, ऐकत कारागीर ती लावतो. ‘खुली’ किंवा ‘बंद’ एवढीच नोंद वहीत उतरते. नोंदीच्या रकान्यांत काय घ्यावे आणि काय कारागिराच्या कानावर सोडावे, याचा निर्णय ॲप जुळवणाऱ्या व्यक्तीस पहिल्याच पडद्यावर घ्यावा लागतो. ती व्यक्ती त्या घरातील असेल तर तिला हे कोणाला विचारावे लागत नाही.