तीन भिंतींची खोली

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जुन्या विनोदी मालिका आणि कौटुंबिक नाट्यमालिका मराठी प्रेक्षकांना परक्या वाटल्या नाहीत, याचे कारण इंग्रजी भाषेच्या प्रसारात शोधण्यापेक्षा मराठी रंगभूमीच्या इतिहासात शोधणे अधिक योग्य ठरते. या मालिका मूलतः नाटकाच्या वंशातल्या होत्या, आणि त्या घरातील पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस इंग्रजी रंगभूमीवरील नाटके आपल्या भाषेत, आपल्या नावागावांनिशी पाहत आला होता.

बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या काळात तेथील नाटके कॅमेऱ्यासमोर थेट सादर होत, त्यामुळे लेखक, नट आणि दिग्दर्शक यांची शिस्त नाट्यगृहाचीच राहिली. पुढे ज्या प्रकाराला ‘सिटकॉम’ हे नाव मिळाले, म्हणजे ठरावीक पात्रे ठरावीक ठिकाणी दर भागात नव्या पेचात सापडतात अशी प्रसंगविनोदी मालिका, त्या प्रकारानेही हाच वारसा पत्करला. चौथी भिंत नसलेली खोली स्टुडिओत उभारायची, समोर प्रेक्षक बसवायचे आणि त्यांचे हसू संवादांबरोबरच ध्वनिमुद्रित करायचे, ही त्या काळातील रूढ पद्धत होती. घरी बसून मालिका पाहणाऱ्याच्या कानांवर जे हसू येई, ते मुळात एका नाट्यगृहसदृश दालनातील हसू असे.

‘फॉल्टी टॉवर्स’ ही जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेली मालिका १९७५ आणि १९७९ मध्ये मिळून केवळ १२ भागांची झाली. तिच्या एका भागात हॉटेलचालक बेसिल एका सामान्य विक्रेत्याला हॉटेल तपासायला आलेला निरीक्षक समजतो आणि त्या एका गैरसमजावर पुढचा सगळा गोंधळ रचला जातो. या रचनेला नाट्यशास्त्रात प्रहसन म्हणतात. त्यात एका चुकीच्या समजुतीतून दुसरी निर्माण होते, पात्रे एका दाराने जातात व दुसऱ्याने येतात, आणि खरे काय ते प्रेक्षकाला पात्रांच्या आधी कळलेले असते.

मराठी प्रेक्षकाला ही रचना पाठ होती. गोविंद बल्लाळ देवल यांनी आर्थर मर्फी यांच्या १७६१ सालच्या ‘ऑल इन द राँग’ या नाटकावरून १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक रचले आणि त्याचेच १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. मर्फी यांच्या नाटकामागेही मोलिएर या फ्रेंच नाटककाराची कृती होती. देवलांच्या नाटकातील तसबिरीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. नायिका रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर संशयी फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला, सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना नवरा तिला पाहतो आणि त्याचा संशय पक्का होतो, तर तिचा स्वतःचा संशय नवऱ्यावर आधीच बसलेला असतो. एवढीशी वस्तू चार माणसांची डोकी फिरवते. देवलांनी परकी कथा उचलली, पण तिच्यातील माणसे, त्यांचे बोलणे, त्यांचे मानपान सगळे मराठी केले. यालाच रूपांतर म्हणतात: शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतर वेगळे आणि कथेला नव्या समाजात वसवणारे रूपांतर वेगळे.

ब्रिटिश विनोदाचा दुसरा आधार सामाजिक दर्जा हा आहे. दुसऱ्या महायुद्धातील हौशी गृहरक्षक दलावरील ‘डॅड्स आर्मी’ (१९६८ ते १९७७) या मालिकेत कॅप्टन मेनवेअरिंग हा बँकेचा व्यवस्थापक अधिकाराने मोठा असतो, पण त्याच्या हाताखालचा सार्जंट विल्सन बोलण्याचालण्यावरून वरच्या वर्गातला वाटतो, आणि ही सल कॅप्टनच्या मनातून कधी जात नाही. बोलीवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाला हे चटकन उमगते. म्हणूनच इंग्रजी नाटककार शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी केलेले ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा भक्ती बर्वे यांनी साकारलेली, बोली बदलायला शिकणारी फुलवाली मंजुळा लंडनची वाटली नाही. हेच पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी बीबीसीत जाऊन आले होते आणि भारतीय दूरदर्शनच्या आरंभकाळात तेथे निर्माते होते. रंगभूमी आणि दूरचित्रवाणी या दोन्ही वाटा त्यांच्या ठिकाणी एकत्र आल्या.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच केंद्रावर चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांतले चिमणराव व गुंड्याभाऊ अनुक्रमे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घराघरांत पोहोचले. ब्रिटिश मालिकांची भारतीय रूपांतरे त्यानंतरची. लंडनमध्ये परदेशी प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गावरील ‘माइंड युवर लँग्वेज’वरून १९९३ मध्ये हिंदीत ‘जबान संभालके’ आली. पंकज कपूर यांच्या त्या वर्गात विजू खोटे मराठी विद्यार्थी होऊन बसले. मूळ मालिकेवर लोकसमूहांचे ठोकळेबाज चित्रण केल्याचा आक्षेप घेतला गेला होता आणि तो आक्षेप रास्त होता. ‘येस मिनिस्टर’वरून (१९८० ते १९८४) २००१ मध्ये ‘जी मंत्रीजी’ झाली, तिच्यात फारूख शेख मंत्री होते. मंत्री बदलतो, सचिव कायम राहतो आणि खरा कारभार फाइलच्या टिपणीत ठरतो, हे त्या मालिकेचे सूत्र महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

नाट्यमालिकांचेही तसेच आहे. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ (१९७१ ते १९७५) ही मालिका एकाच घरातील वरच्या मजल्यावरचे मालक आणि तळघरातले नोकर यांच्यातून एका युगाचा अस्त दाखवते. विदर्भातल्या देशपांड्यांच्या घराची पडझड मांडणारे महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) तिच्यापासून निघालेले नाही. तरीही एका वास्तूच्या भिंतींतून समाजाचा बदल वाचण्याची दृष्टी दोन्हींत समान आहे.

विदर्भाच्याच पूर्व टोकाला या विवेचनाची सर्वांत बोलकी कसोटी सापडते. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या जंगलाच्या दाराशी असलेल्या मोहर्ली गावापासून पूर्वेला वैनगंगेकडे निघाले की झाडीपट्टी लागते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला हे नाव आहे. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या मुशीतून घडलेली येथील रंगभूमी दिवाळीनंतर, धान घरात येऊ लागले की जागी होते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक असा अनेक गावांचा रिवाज. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते आणि एकाच प्रयोगात रडवणारा कौटुंबिक प्रसंग, विनोदी जोडी, गाणे आणि लावणी यांना जागा असते. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

घरोघर पडदे आल्यानंतरही ही रंगभूमी टिकली, कारण विनोद हा सोबतीने अनुभवायचा असतो. ब्रिटिश निर्मात्यांनी स्टुडिओत प्रेक्षक बसवून जे सामुदायिक हसू मालिकेत जपले, ते झाडीपट्टीत थंडीच्या रात्री, अंगावर घोंगडी घेऊन बसलेल्या गावात आजही प्रत्यक्ष ऐकू येते. म्हणून जुन्या ब्रिटिश मालिकांचा रसिक असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने एक तरी रात्र झाडीपट्टीतील नाटकाला द्यावी. पडद्यावरचे ते हसू मुळात कोठून आले, हे त्याला तेथे कळेल.