अननसाची वीण

सोलापूरचा इतिहास सांगायचा म्हटलं की माणसं गिरणीपासून सुरुवात करतात. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागावर चादरी विणल्या आणि 2005 साली त्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे लिहायलाच पाहिजे. पण सुताचीच दुसरी एक वीण आमच्या घराघरांत चालली होती. तिला माग लागत नव्हता की भोंगा. एक आकडीची सुई आणि एक दोरा, झालं काम. तिला आम्ही क्रोशा म्हणतो. तिचा इतिहास आमच्याकडं कुणी मांडलेला मी वाचला नाही, म्हणून मला ठाऊक आहे तेवढा मांडते.

शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन धागे लागतात. क्रोशात एकच धागा. एका फासातून दुसरा फास ओढत जायचं. साखळी, मुका खांब, खांब एवढ्या तीन गोष्टी आल्या की बाकी सगळं त्यातूनच निघतं. खरा क्रोशा अजून हातानंच होतो. बाजारात यंत्राची जाळी मिळते, तिची वीण वेगळी असते.

ही कला युरोपात 19व्या शतकात फैलावली आणि तिची गाठ पडली दुष्काळाशी. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली. तेव्हा तिथल्या जोगिणींनी मठांत गरीब बायकांना क्रोशा शिकवला. क्लोन्स नावाच्या गावात धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी हेच काम उभं केलं. सुईवर दोरा गुंडाळून घालायच्या एका नक्षीदार गाठीला आजही त्या गावाचं नाव आहे. त्या जाळीच्या पैशावर कितीतरी घरं तगली.

आपल्याकडं ही सुई मिशनरी बायांबरोबर आली. गोदावरीच्या मुखाजवळ आंध्रात नरसापूरला त्यांनी गरीब बायकांना जाळीकाम शिकवलं आणि तिथं त्याचा मोठा धंदा झाला. महाराष्ट्रात मुलींच्या शाळांतून लिहिण्या-वाचण्याबरोबर सुईकाम आलं. पुढं रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं शिवण-विणकामाचे वर्ग चालवले. सोलापुरातही सेवासदनाची शाळा आहे. शहरात शिकलेली बाई लग्न होऊन खेड्यात आली की तिच्या ट्रंकेतून सुई खेड्यात यायची.

आमच्या गावात ती अशीच आली, प्राथमिक शाळेच्या गुरुजींच्या घरातून. साल होतं 1972. विहिरी आटलेल्या, रानात काडी नाही. आई खडी फोडायला जायची. आम्हाला सुकडी मिळायची आणि घरात लाल मिलोची भाकरी. मास्तरीणबाई संध्याकाळी आम्हा पाच-सहा पोरींना ओट्यावर बसवायच्या. सुई दोनच. बाकीच्यांना गुरुजींनी सायकलचे जुने आरे घासून आकड्या करून दिल्या.

साखळी आणि खांब महिन्याभरात बसले. अननसाची वीण हाताला यायला मात्र वर्ष गेलं. ती अशी असते: एका घरात बारा खांब घालायचे, प्रत्येक दोन खांबांमध्ये एक साखळी. झाला पंखा. त्यात अकरा घरं होतात. पुढच्या ओळीत प्रत्येक घरात मुका खांब आणि मधे तीन साखळ्यांची कमान. कमानी होतात दहा. मग दर ओळीला एक कमान कमी; नऊ, आठ, सात, असं करत शेवटी एक उरते. तोच अननसाचा शेंडा. दोन्ही बाजूंनी शिंपले चढवत न्यायचे, म्हणजे जाळी तुटत नाही. मास्तरीणबाई म्हणायच्या, “अगं, सुईकडं काय बघतीस, घरं मोज. सुई आपोआप चालती.” आमच्यातली एक पोर शाळेत कधी गेली नव्हती. ती दहापासून उलटं मोजायला तिथं शिकली.

त्या विणीचं पुढं काय झालं? ती रुखवतात गेली. रुमाल, तोरण, उशीचे अभ्रे, रेडिओवरचं आणि पुढं टीव्हीवरचं झाकण. पोरगी बघायला आलेली माणसं विचारायची, “क्रोशा येतो का?” येतो म्हटलं की माना हलायच्या. लग्नात पाहुणे रुखवत बघून वाहवा करायचे. पण आयर्लंडच्या बाईच्या हातात जाळीचे जसे पैसे पडले, तसे आमच्या हातात पडले नाहीत. आई दिवसभर खडी फोडायची, तिचं नाव हजेरीपटावर होतं. रात्री कंदिलाखाली पोरीनं काढलेली वीण कुठल्याच पटावर नव्हती. ती म्हणे फावल्या वेळातली.

जिथं पैसा आला तिथंही हेच झालं. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी नरसापूरच्या बायकांवर 1982 साली पुस्तक प्रसिद्ध केलं. या बाया रोजचे कित्येक तास विणायच्या, माल परदेशी जायचा, व्यापारी मोठे झाले. बायांची मजुरी मात्र नगण्य, कारण सगळ्यांच्या लेखी त्या कामगार नव्हत्याच. घरी रिकाम्या बसलेल्या गृहिणी. एका मुलीनं मला त्यातलं मराठीत सांगितलं, तेव्हा आमच्या ओट्यावरच्या गोष्टीला नाव मिळाल्यासारखं वाटलं.

शेतकऱ्याच्या घरात हा हिशेब नवा नाही. ज्वारीचा भाव काढताना बियाणं, खत धरतात, घरच्या बाईची खुरपणी धरत नाहीत. क्रोशाचंही तसंच. दोऱ्याच्या गुंडीची किंमत सगळे विचारतात, तासांची कुणी विचारत नाही.

आता आमचा बचत गट गड्ड्याच्या जत्रेत तोरणं विकतो. किंमत ठरवताना दोरा किती लागला ते लिहितो आणि खाली तास लिहितो, खुरपणीच्या रोजाच्या दरानं. गिऱ्हाईक कुरकुरतं, “बाई, दोऱ्याचंच तर हाय, एवढं कशाचं?” आम्ही वही पुढं करतो. काही जण परत जातात. काही जण बोटानं अननसाच्या कमानी मोजत राहतात आणि मग खिशात हात घालतात.