नगरच्या मातीतल्या प्रेमकथा

बाईच्या हातात कादंबरी दिसली, त्यातही प्रेमाची, की घरात कुणीतरी म्हणतंच, "कामं पडलीत आणि ही बसली वाचत." पण आपल्या मराठीत कादंबरीची सुरुवातच एका बाईच्या संसाराच्या गोष्टीने झाली.

1857 साली बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' लिहिली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. पदमनजी बेळगावचे. तीन वर्षांपूर्वीच, म्हणजे 1854 मध्ये, त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. एकमेकांशी मोकळं बोलणारं, एकमेकांचं मत विचारणारं हे जोडपं. वाटेत गावोगाव त्यांना विधवांचे हाल दिसतात. पुढे विनायकराव जातो आणि तीच वेळ यमुनेवर येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि आपल्या विचाराच्या माणसाशी पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, 1856 मध्ये झाला होता. लेखकाला आपला धर्म सांगायचा होता, हे उघड आहे. तरीही विधवा बाईने पुन्हा सुखाने नांदावं, हे मराठी गोष्टीत तेव्हा छापून आलं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. सुप्याहून एसटीने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आपण बँकेच्या नाहीतर बाजाराच्या कामाला जातो. तिथे 1831 पासून अमेरिकन मिशनचं काम होतं. 1842 मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' निघू लागलं. फरार बाईंनी तिथे मुलींना शिकवलं. मुलीने शाळेत जाणं लोकांना पटत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

याच नगरमध्ये 1862 साली कृपाबाई जन्मल्या. माहेरच्या त्या खिस्ती. आईवडील ब्राह्मण, नंतर ख्रिस्ती झालेले. मोठ्या भावाने त्यांना पुस्तकांची गोडी लावली. डॉक्टर होण्यासाठी त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेल्या, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि वर्षभरात शिक्षण सुटलं. तिथेच सॅम्युएल सत्तियनाधन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. आजारपणातही त्या लिहीत राहिल्या. 'सगुणा' आणि 'कमला' या त्यांच्या दोन इंग्रजी कादंबऱ्या. 'सगुणा' बरीचशी त्यांचीच कहाणी: शिकायची ओढ, देवावरची श्रद्धा, मिशनच्या मडमांचा खटकणारा तोरा, आणि शेवटी मनाजोगता जोडीदार. 'कमला' ही हिंदू घरातल्या सुनेची गोष्ट आहे. 1894 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई गेल्या.

तिसरं नाव लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये धर्म बदलला आणि संसार दुभंगला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. मनाला पटलं तेव्हाच, 1900 मध्ये, त्या ख्रिस्ती झाल्या. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण भांडणारं, हसणारं आणि तरी एकमेकांना न सोडणारं असं जोडपं आपल्याला कादंबरीतही क्वचितच भेटतं.

मैत्रिणींनो, धर्म कुणाचा कोणताही असो, या गोष्टींतला प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे: नवरा गेला की बाईचं मन, तिची आवड, तिचा शब्द संपतो का? यमुनेची गोष्ट छापली गेली त्याला 165 वर्षं झाल्यावर, 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. तेव्हा कुठे सरकारचं परिपत्रक निघालं. कागदावरचा ठराव गावात उतरायला अजून वेळ लागतोय. आपल्याच गटात हळदी-कुंकवाला मागे उभ्या राहणाऱ्या मैत्रिणी आहेत.

म्हणून एक सुचवते. पुढच्या मीटिंगला हप्ते जमा झाले की पंधरा मिनिटं राखून ठेवा. जिला वाचता येतं तिने 'स्मृतिचित्रे'ची दोन पानं मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावीत. मग एकेकीने आपल्या संसाराची गोष्ट सांगावी आणि दुसरीने ती वहीत उतरवावी. हळदी-कुंकवाला मागे उभी राहणारी जी आहे, तिला पहिली संधी द्या.