किडा कोंबडीच्या खाद्यातून गेला कसा?

'कोंबडीखाद्यात किड्यांची पूड' हा माझा पीएचडीचा विषय ऐकला की लोक आधी नाक मुरडतात. मग विचारतात, हे नवीन खूळ कुठून काढलं? म्हणून आज थोडा इतिहास.

मावळातली गावरान कोंबडी आजही उकिरडा उकरते. घरचा भाताचा कोंडा आणि कणी खाऊन तिला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. ती कसर ती शेणखतातल्या अळ्या आणि वाळवी टिपून भरून काढते. कोंबडी शेडमध्ये गेली आणि हा रस्ता बंद झाला.

मग पंचाईत आली. नुसत्या धान्य-पेंडीवर पिल्लं नीट वाढेनात, मासळीची भुकटी घातली की वाढत. त्या भुकटीतल्या अज्ञात घटकाला शास्त्रज्ञ 'ॲनिमल प्रोटीन फॅक्टर' म्हणायचे. १९४८ मध्ये अमेरिकेत मर्क आणि इंग्लंडात ग्लॅक्सो, दोघांनीही तो वेगळा काढला: जीवनसत्त्व बी-१२. झालं! मका, सोयापेंड आणि चिमूटभर जीवनसत्त्वं. किड्याची गरजच उरली नाही.

आपल्याकडे सोयाबीन १९६०च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं रुजवलं, तेही माणसांना प्रथिनं मिळावीत म्हणून. माणसांनी तेल ठेवून घेतलं, पेंड कोंबडीला गेली. पोल्ट्रीवाले तिला 'डीओसी' म्हणतात.

२०२१ मध्ये तीच डीओसी इतकी महागली की ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. त्याच वर्षी युरोपीय संघानं कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटक-प्रथिनं चालतील असं ठरवलं. 'मॅड काऊ'नंतर, २००१ पासून, तिथे प्राणिजन्य प्रथिनांवर बंदी होती. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीचं नाव तेव्हापासून जास्तच ऐकू येऊ लागलं.

"मग लोणावळ्याच्या हॉटेलांतलं उष्टं-खरकटं अळ्यांना घाला की!" हे मला हमखास ऐकवलं जातं. युरोपात नेमकं हेच चालत नाही, रोगाच्या भीतीनं. अळ्यांना स्वच्छ कोंडा घालावा तर पूड सोयापेंडीपेक्षा महाग पडते. माझ्या मते खरं घोडं इथेच अडलंय, नाक मुरडणाऱ्यांपाशी नाही.

आणि मावळातल्या करारावरच्या पोल्ट्रीवाल्याला यात कोण विचारतो? पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, वीजबिल आणि राबणं तेवढं त्याचं.