ओला तळवा, कोरडी मूठ

ऑलिंपिकच्या एअर रायफल स्पर्धेत निशाणा दहा मीटरवर असतो आणि दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास असतो फक्त अर्धा मिलिमीटर. एअर पिस्तुलाला थोडी सवलत आहे; तिथे तो साडेअकरा मिलिमीटरचा. पण पिस्तूल एकाच हातात, कशाचाही आधार न घेता धरावं लागतं, आणि सव्वा तासात साठ वेळा उचलून तेवढ्याच नेमकेपणानं झाडावं लागतं. नेमबाजाच्या नजरेबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. त्याच्या तळहाताबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आज मला बोलायचं आहे ते या तळहाताला सुटणाऱ्या घामाबद्दल.

माझा आणि नेमबाजीचा संबंध शब्दांपुरता. गझलेत तीर असतो, निशाणा असतो, पण त्यानं फळ्याला भोक पडत नाही. माझी भाची कॉलेजात एनसीसीत गेली, रायफल हातात आली, आणि एके दिवशी तिनं विचारलं, ‘मामू, नेम धरला की माझे हात ओले होतात. म्हणजे मी भित्री आहे का?’ तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं, की हा प्रश्न हत्याराइतकाच जुना आहे.

घामेजलेल्या हातातून शस्त्र निसटतं, हे कारागिरांना फार पूर्वीच ठाऊक होतं. जपानी तलवारीच्या मुठीवर पाकट माशाचं खरखरीत कातडं चढवून वरून दोरी आवळत. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठींना आतून मखमलीची गादी असे. युरोपात बंदुका आणि पिस्तुलं आली, तेव्हा लाकडी मुठीवर बारीक चौकटींची जाळी कोरू लागले. आपल्याला ती नक्षी वाटते. पण तिचं पहिलं काम शोभेचं नाही, पकडीचं आहे. आजच्या स्पर्धेतल्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. ती ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं घासतात, कमी पडेल तिथे लुकण भरतात आणि पृष्ठभाग टोच्यानं खडबडीत करतात.

हे झालं लाकडाचं. घाम मुळात येतो कशानं? जपानी शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनी घामाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा मोठा ग्रंथ १९३४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवलेली गोष्ट साधी पण महत्त्वाची होती : अंगाला घाम येतो तो मुख्यतः उष्म्यानं, तळहात-तळपायाला येतो तो मुख्यतः मनाच्या ताणानं. म्हणूनच थंडगार सभागृहातही माणसाचे तळवे ओले होतात. मुशायऱ्यात माझ्या हातातला कागद दमट होतो तो याच वाटेनं. फरक इतकाच, की कागद दमट झाला म्हणून माझा शेर दोन मिलिमीटर डावीकडे जात नाही!

निसर्गानं ही योजना वाईट हेतूनं केलेली नाही. बोट थोडं ओलसर केलं की कागदाचं पान चटकन उलटतं. किंचित ओल पकड वाढवते. अगदी कोरडी त्वचा निसटते आणि फार ओलीही निसटते. अडचण होते ती प्रमाण ओलांडल्यावर. हात निसटेल या धास्तीनं नेमबाज मूठ अधिक आवळतो, आवळलेले स्नायू थरथरू लागतात, आणि घामानं जेवढं बिघडलं नसतं तेवढं त्या आवळण्यानं बिघडतं.

मग माणसानं शॉर्टकट शोधला. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनच्या पिस्तूल नेमबाजीआधी स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिल्येनवाल यानं मन स्थिर करण्यासाठी मद्य घेतलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे फक्त दोन बिअर. उत्तेजक-चाचणीत सापडून अपात्र ठरलेला ऑलिंपिकच्या इतिहासातला तो पहिला खेळाडू. त्याच्यापायी संघाचं कांस्यपदकही गेलं. पुढे बिअरची जागा हृदयविकाराच्या गोळ्यांनी घेतली. बीटा-ब्लॉकर नावाची ही औषधं नाडी मंद करतात, हाताचा कंप कमी करतात. १९८०च्या दशकात ऑलिंपिक समितीनं त्यांच्यावर बंदी घातली. तरीही २००८ साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि त्याला पिस्तुलातली दोन पदकं, एक रौप्य आणि एक कांस्य, परत करावी लागली. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या अभिनव बिंद्रानं शेवटच्या गोळीवर १०.८ गुण घेऊन सुवर्णपदक जिंकलं होतं.

गंमत अशी, की या गोळ्या ज्या रसायनाची वाट अडवतात, ते घामाच्या ग्रंथी चालवतच नाही. हृदयाला धावायला लावणारी मज्जासंस्था आणि तळव्याला घाम आणणारी मज्जासंस्था एकच; पण घामाच्या ग्रंथींपाशी ती ॲसिटिलकोलिन नावाचा वेगळा निरोप्या पाठवते. म्हणजे बेइमानी करूनही तळवा ओला तो ओलाच राहू शकतो.

नियमांचा इतिहास पाहिला, की त्यामागचा विचार कळतो. नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९०७ साली झ्युरिकमध्ये स्थापन झाली. तिच्या आजच्या नियमांनुसार पिस्तुलाची मूठ हाताच्या आकाराची असू शकते, पण मनगटाला टेकता कामा नये. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. टेनिसपटू घाम टिपायला मनगटावर पट्टा बांधतो, तसा पट्टा पिस्तुलाच्या हातावर चालत नाही. घड्याळ नाही, कडंही नाही, कारण टिपण्याच्या नावाखाली आधार मिळू शकतो. रायफलवाल्याला हातमोजा चालतो, पण पुढची-मागची जाडी मिळून बारा मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कपड्यांवर, बुटांवर, जमिनीवर वा साहित्यावर चिकट पदार्थ किंवा फवारा लावायला मनाई आहे. थोडक्यात, हात कोरडा करा, पण चिकटवू नका. मूठ घडवा, पण मनगट बांधू नका. मन शांत करा, पण गोळीनं नव्हे.

या चौकटीत राहूनही बरंच काही करता येतं. दोन नेमांच्या मध्ये पिस्तूल खाली ठेवून सुती कापडानं तळवा पुसणं हा सर्वांत जुना आणि निर्धोक उपाय. भुकटीनं हात कोरडा होतो, पण थर जाड झाला तर मुठीचा स्पर्श बदलतो, म्हणून ती लावली तरी बेतानं. ज्यांचा घाम खरोखर फार आहे त्यांना त्वचारोगतज्ज्ञ ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण देतात. ते रात्री, कोरड्या तळव्यांना लावायचं असतं. साध्या पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह सोडण्याचा उपचारही अनेक दशकं चालत आलेला आहे. छातीतली मज्जातंतूची साखळी कापण्याची शस्त्रक्रिया असते, पण मग घाम पाठीवर-पोटावर उसळू शकतो. खेळासाठी तो सौदा महाग आहे. कोणतंही औषध घेण्याआधी ते बंदीच्या यादीत नाही ना, हे पाहणं खेळाडूच्या हिताचं. आणि सरावात हात मुद्दाम घामेजू द्यावा, म्हणजे स्पर्धेत तो अनोळखी वाटत नाही.

आपल्या मुंबईकर अंजली भागवत दमट हवेच्या शहरात, जाड जाकीट घालून सराव करत वाढल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. हंगेरीच्या कारोली टाकाचची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं डावा हात तयार केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. १९५२चं ते हेलसिंकी म्हणजे आपल्या खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकाचंच हेलसिंकी. हात जन्मतः मिळतो, पण पकड कमवावी लागते.

राहिला भाचीचा प्रश्न. घाम म्हणजे भीती, घाम म्हणजे अपराध, हे समीकरण जुनं आहे. त्वचेच्या विद्युत-गुणांत भावनेनं होणारा बदल १८८८ साली फ्रान्सच्या शार्ल फेरेनं नोंदवला. पुढे खोटं पकडण्याच्या यंत्रात तोच बदल मोजू लागले. पण यंत्राला कळतं ते एवढंच, की माणूस आतून हलला आहे. कशानं हलला, ते कळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली अशी चाचणी सक्तीनं करायला मनाई केली. ओला तळवा हा कबुलीजबाब नव्हे.

तिला मी इतकंच सांगितलं : ज्याला काहीच पणाला लावायचं नसतं, त्याचा हात कोरडा राहतो. तुझ्या हाताला घाम येतो, कारण तो ठिपका तुला हवा आहे. रुमाल जवळ ठेव, हात पूस, आणि पुन्हा नेम धर.